फौंड्रीमालकांचं 'व्हिजन' ठरवायचंय, हातात दीड दिवस. कसं करू?

कोरसँड

लघुउद्योगांना कॉस्टिंग आणि फाइव्ह-एसचा (कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याच्या पद्धतीचा) सल्ला देतो. मालकांना एकत्र बसवून कंपनी कुठे न्यायची ते ठरवून देण्याचं काम पहिल्यांदाच अंगावर आलंय. ज्यांनी हे केलंय त्यांनी नेमकं सांगा.

युनिट कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतलं. ग्रे आयर्न फौंड्री (ओतीव लोखंडाचा कारखाना), १ टनाच्या दोन इंडक्शन भट्ट्या, महिन्याला चांगला माल २५० टन. रफ कास्टिंगचा (ओतून काढलेल्या, मशीन न केलेल्या मालाचा) भाव सरासरी किलोला ८८ रुपये, मशीनिंग करून गेलं तर १५०. मशीन होऊन जाणारा माल जेमतेम पाचवा हिस्सा, म्हणजे सरासरी १०० रुपये धरा आणि उलाढाल ३० कोटी. शेजारच्या शेडमध्ये संगणकावर चालणारी सीएनसी-व्हीएमसी मिळून ९ मशीन. ६२ टक्के माल एकट्या ट्रॅक्टर कंपनीला. माणसं ११०, निम्मी ठेकेदाराची.

मालक तिघे. थोरले ६७ वर्षांचे, त्यांचा मुलगा आणि पुतण्या. मुलाला '५ वर्षांत १०० कोटी' पाहिजेत, पुतण्याला एक्स्पोर्ट, आणि थोरले म्हणतात, "आहे ते नीट करा." रिसेप्शनमध्ये काचेआड एक इंग्रजी चौकट आहे: जागतिक दर्जा, ग्राहकाचा आनंद, सतत सुधारणा. तिघांपैकी एकालाही ती पाठ नाही.

बैठकीला कोणाकोणाला बसवू? सुरुवात कुठून करू? आणि शेवटी कागदावर नेमकं काय यायला पाहिजे?

घडीव

दीड दिवस पुरतो, पण खरं काम त्याच्या आधीच्या दोन आठवड्यांत आहे. तयारी न करता तिघांना समोरासमोर बसवलंत तर पहिल्या तासात '१०० कोटी' फळ्यावर येतील, थोरले गप्प होतील आणि उरलेला दिवस शब्द घासण्यात जाईल.

आधी तिघांना वेगवेगळं भेटा, प्रत्येकी दीड तास. "तुमचं व्हिजन काय?" हे चुकूनही विचारू नका, त्या प्रश्नाला माणूस पोस्टरचीच भाषा बोलतो. पुढचे प्रश्न विचारा:

पाच वर्षांनी गेटमधून गाडी बाहेर पडतेय. तिच्यात काय माल आहे आणि तो कुणाकडे चाललाय?
कुठलं काम कितीही भाव मिळाला तरी घेणार नाही?
मोठा ग्राहक उद्या निम्म्यावर आला तर पहिल्या ३० दिवसांत काय कराल?
पाच वर्षांनी सकाळी १० वाजता तुम्ही स्वतः कुठे असाल? शेडमध्ये, ऑफिसात, की घरी?
घरखर्च, लग्नकार्यं, जमीनजुमला यांसाठी कंपनीतून वर्षाला किती काढावे लागतात?

शेवटचे दोन प्रश्न अवघड आहेत, पण निम्मी भांडणं तिथेच असतात. एकाला नफा धंद्यात परत घालायचाय आणि दुसऱ्याला पुण्यात फ्लॅट घ्यायचाय, हे बाहेर आल्याशिवाय कुठलंच वाक्य टिकत नाही.

उत्तरं त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्या, सुधारू नका. 'मॉडर्नायझेशन' म्हणताना पुतण्याच्या डोळ्यांसमोर रोबो असतो आणि थोरल्यांच्या डोळ्यांसमोर नवा सँड प्लांट (साच्याची वाळू तयार करणारा). शब्द एकच असला की तिघांनाही वाटतं आपलं एकमत आहे.

दुसरी तयारी आकड्यांची. एका ए-थ्री कागदावर टनेजने मोठे १२ पार्ट घ्या. प्रत्येकापुढे महिन्याचे टन, भाव, रिजेक्शन (फौंड्रीत सापडलेलं वेगळं, ग्राहकाकडून परत आलेलं वेगळं) आणि भट्टीच्या एका तासामागे माल-वीज-मजुरी जाऊन काय उरतं ते. किलोमागे काय उरतं ते लिहू नका. तुमची अडचण वितळवण्याच्या क्षमतेची असेल तर किलोचा हिशेब फसवतो. जास्त कोअरचा (आत पोकळी ठेवणाऱ्या वाळूच्या गाभ्यांचा), १२ टक्के रिजेक्शनचा पार्ट किलोला भाव चांगला देतो आणि भट्टीचे तास गिळून बसतो. अडचण मोल्डिंगची (साचे बनवण्याची) असेल तर हाच हिशेब साच्यामागे करा. बहुतेक मालकांनी आपला माल असा ओळीने लावलेला कधी बघितलेला नसतो. हा कागद टेबलावर आला की आवाज आपोआप खाली येतात.

आता दीड दिवस. पहिला अर्धा दिवस फक्त तीन मालक. दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर उत्पादन, क्वालिटी आणि हिशेब बघणारे तिघे. सातव्याला बोलावू नका. जागा कारखान्यापासून लांब हवी, पण पन्हाळ्यावर नेलंत तर दुपार तांबड्या-पांढऱ्यात जाते आणि तीननंतर कुणी शुद्धीवर नसतं. गावातला एखादा साधा हॉल घ्या, जेवण हलकं ठेवा.

पहिल्या सत्रात प्रत्येकाने २० मिनिटं न बोलता एक पान लिहायचं: 'मार्च २०३१ मधला कारखान्याचा एक साधा दिवस'. किती वाजता काय चालू आहे, फोन कुणाचा येतो, शेडमध्ये काय दिसतं. वाचताना धाकट्यापासून सुरुवात, थोरले शेवटी. क्रम उलटा झाला तर पुढचे दोघे आपापलं पान मनातल्या मनात बदलून वाचतात. तुम्ही फळ्यावर फक्त फरक लिहा. एकमताच्या गोष्टी लिहायला वेळ घालवू नका.

फरक साधारण तीन-चार निघतात. ते मतदानाने सोडवू नका. तिघांत दोन विरुद्ध एक म्हणजे हरलेला माणूस घरी जाऊन तो विषय जेवणाच्या ताटावर पुन्हा काढणारच. प्रत्येक फरकासाठी विचारा, "हे खरं ठरायला २०२८ पर्यंत काय घडलेलं असायला हवं?" आणि ते ए-थ्री कागदाशी ताडून बघा. बरेच फरक मतांचे नसतात, वेळेचे असतात. एक्स्पोर्ट नको असं थोरल्यांचं म्हणणं नसतं, रिजेक्शन खाली आल्याशिवाय नको, एवढंच असतं.

मसुदा सगळ्यांनी मिळून लिहायचा नाही. पहिल्या संध्याकाळी एकाने लिहायचा, दुसऱ्या दिवशी सहाजणांनी फाडायचा.

जमाखर्च

घडीव यांच्याशी सहमत. '१०० कोटी' बद्दल थोडा हिशेब मांडतो, बैठकीत उपयोगी पडेल.

३० चे १०० पाच वर्षांत करायचे तर दरवर्षी सुमारे २७ टक्के वाढ लागते, सात वर्षांत १९ टक्के, दहा वर्षांत १३. मुलाला पहिला प्रश्न हा विचारा की पाचच वर्षं का? बहुतेक वेळा उत्तर नसतं, शेजारच्या कुणीतरी केलेलं असतं.

मग खेळतं भांडवल. समजा उधारी ७५ दिवस, माल ४० दिवस आणि पुरवठादारांची उधारी ४५ दिवस. म्हणजे ७० दिवसांचे पैसे अडकलेले. ३० कोटींवर ते पावणेसहा कोटी होतात, १०० कोटींवर १९ कोटींच्या वर. म्हणजे एकही मशीन न घेता १३ कोटी आणखी अडकवायचे. बँक सीसी (कॅश क्रेडिट) वाढवून देईल, पण त्यासाठी तारण काय ठेवणार, कुणाचं घर, हे त्याच खोलीत ठरू द्या.

मग धातू. आजच्याच १०० रुपये सरासरीने १०० कोटी म्हणजे वर्षाला १०,००० टन, महिन्याला ८३३. यील्ड (वितळवलेल्या धातूतला चांगला माल) ६५ टक्के धरलं तर आज ३८५ टन वितळतं, तेव्हा १,२८० लागेल. टनाला ६०० युनिट धरा: सव्वादोन-अडीच लाखांवरून पावणेआठ लाख युनिट महिन्याला, फक्त वितळवायला. मंजूर भार, ट्रान्सफॉर्मर, सँड प्लांट, माणसं, सगळं तिप्पट. त्या शेडमध्ये जागा आहे का?

याच्या उलट, एक टनही जास्त न वितळवता सगळा माल मशीन करून १५० रुपयांनी पाठवला तर उलाढाल ४५ कोटी होते. ३० आणि ४५ मधला हा फरक अख्खा नफा नाही, टूलिंग, मशीन आणि ऑपरेटर यांचा खर्च आहेच. पण मुलाच्या मनातला 'मोठेपणा' आकड्यात आहे की मालाच्या दर्जात, हे या दोन ओळी शेजारी मांडल्या की कळतं.

अजून एक, जे कुणी बोलत नाही. १ एप्रिल २०२५ पासून 'लघु' उद्योगाची मर्यादा अशी: यंत्रसामग्रीतली गुंतवणूक २५ कोटी आणि उलाढाल १०० कोटी. त्यापुढे गेलात की 'मध्यम'. ४५ दिवसांत पैसे मिळण्याचं कायद्याचं संरक्षण सूक्ष्म आणि लघु पुरवठादारांना आहे, मध्यमला नाही. आयकरातला नियमही (१९६१ च्या कायद्यातलं ४३बी(एच) कलम) तसाच: वेळेत पैसे दिले नाहीत तर त्या वर्षी ग्राहकाला खर्चाची वजावट मिळत नाही, पण पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु असेल तरच. वर्ग वर सरकल्यावर काही बिगर-कर सवलती तीन वर्षं चालू राहतात, आणि उलाढाल मोजताना निर्यात वगळली जाते. म्हणजे ९५ कोटी देशात आणि १५ कोटी बाहेर असेल तर तुम्ही अजून लघुच. पुतण्याचं एक्स्पोर्ट इथे अचानक थोरल्यांच्याही कामाचं ठरतं.

गेटपास

एवढा खटाटोप कशाला? ट्रॅक्टर कंपनीचं शेड्यूल (किती माल कधी हवा ते) येतं तेच आपलं व्हिजन. बाकी सगळं पोस्टर.

घडीव

गेटपास, ६२ टक्के एका ग्राहकाकडे असले की हेच होतं, बरोबर बोललात. म्हणूनच तर बसायचं. त्यांचं शेड्यूल जूनमध्ये ३० टक्क्यांनी खाली आलं की रिकाम्या भट्टीसाठी मिळेल ते काम घेतलं जातं, आणि ऑक्टोबरमध्ये शेड्यूल परत वर गेलं की तीच कामं गळ्यात पडतात.

फेटलिंगशॉप

मंडळी, मालकांच्या खोलीबद्दल बरंच झालं. शेडबद्दल लिहितो, कारण व्हिजन मरतं ते शेडमध्ये.

आधी एक घोळ निस्तरा. रिसेप्शनमधली चौकट बहुतेक 'गुणवत्ता धोरण' असणार. आयएसओ ९००१ च्या ५.२ कलमाखाली ते लागतंच. ते काढू नका, ऑडिटर विचारेल. पण ते म्हणजे व्हिजन नव्हे. धोरण सांगतं आम्ही कसं वागू. व्हिजनने सांगायचं आम्ही कुठे पोचणार आणि कुठे जाणार नाही. दोन्ही एकाच चौकटीत कोंबली की कामगाराला दोन्हींतलं काहीच कळत नाही.

वाक्य ठरलं की लगेच बॅनर छापू नका. आधी पाच माणसांना तोंडी सांगा: मोल्डिंगचा मुकादम, भट्टीवाला, फेटलिंगचा (कास्टिंग घासून साफ करण्याच्या विभागाचा) एक ठेकेदारी कामगार, मशीनचा एक ऑपरेटर, डिस्पॅचचा क्लार्क. दुसऱ्या दिवशी त्यांनाच विचारा, "काल काय सांगितलं? त्यामुळे तुझ्या कामात काय बदलेल?" पाचांपैकी तिघांना दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही तर वाक्य अजून मालकांच्याच भाषेत आहे. मराठी आणि हिंदी दोन्हींत करा. फेटलिंगला अर्धी माणसं बिहार-यूपीची असतील आणि शेवटी ग्राइंडर त्यांच्याच हातात असतो.

मग प्रत्येक विभागाला एकच आकडा, खडूने लिहिता येईल असा. समजा दिशा ठरली 'मशीनवर न फसणारं कास्टिंग'. तर कोअरशॉपला: तुटलेले कोअर, शिफ्टला किती. मोल्डिंगला: वाळूची ओल ठरलेल्या मर्यादेबाहेर किती वेळा गेली. भट्टीला: ठरलेल्या तापमानाच्या खाली किती लॅडल (रस ओतायच्या बादल्या) ओतल्या. मशीनशॉपला: मशीन केल्यावर उघडा पडलेला ब्लो-होल (वायूमुळे आत राहिलेली पोकळी), किती नग. शेवटचा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. तिथे कास्टिंगचे पैसे जातातच, वर मशीनची २० मिनिटं आणि टूलही जातं.

आता कुठे फसतं ते. खंडेनवमीला मशीनची पूजा झाली, पेढे वाटले, मालकांनी 'आजपासून एकही खराब नग बाहेर जाणार नाही' असं भाषण केलं. महिनाअखेर आली, शेड्यूलला ४०० नग कमी. ब्लो-होलमध्ये पुट्टी भरली, वरून रंगाचा हात, गाडी भरली. हे करायला सांगणारा माणूस मालकच होता आणि ते अख्ख्या शिफ्टने बघितलं. त्यानंतर बॅनर कितीही मोठा लावा. म्हणून बैठकीतच हे ठरवून घ्या की शेड्यूल आणि वाक्य भांडले तर गाडी कोण थांबवणार. नाव लिहून घ्या, पद नको. क्वालिटीच्या माणसाला तो अधिकार द्यायचा असेल तर त्याच्या सहीशिवाय चलन निघणार नाही अशी सोय हिशेबवाल्याकडून करून घ्या. तोंडी अधिकार ३० तारखेला संध्याकाळी सहा वाजता संपतो.

कोरसँड

आभारी आहे, तिघांचेही. मुलाखती झाल्या. घडीव म्हणाले तसंच निघालं: थोरले एक्स्पोर्टच्या विरोधात नाहीत, एका जुन्या पार्टवरच्या ११ टक्के रिजेक्शनने ते वैतागलेत. मुलाने मधल्या मधे एक वाक्य लिहून पाठवलंय:

'२०३१ पर्यंत दर्जा, विश्वास आणि तंत्रज्ञान यांच्या जोरावर कोल्हापुरातील अग्रगण्य कास्टिंग पुरवठादार बनणे.'

यावर काय म्हणू? आणि दुसरी अडचण, मुलाखतीत मोकळं बोललेले थोरले मुलासमोर गप्प होतात.

घडीव

वाक्य वाईट नाही, रिकामं आहे. कसोटी सोपी: शिरोलीतल्या दुसऱ्या कुठल्याही फौंड्रीचं नाव त्यापुढे लावून बघा, चालतं का? चालतं. आता उलटं करून बघा: 'दर्जाशिवाय, अविश्वासाने' असं कुणी लिहील का? नाही. ज्याची उलट बाजू कुणीच निवडणार नाही असा शब्द काहीही ठरवत नाही. 'दर्जा', 'विश्वास', 'अग्रगण्य' तिन्ही गेले. 'तंत्रज्ञान'ही गेलं. उरलं २०३१ आणि कोल्हापूर.

चांगल्या वाक्याचा नमुना उद्योगातला नाही, दवाखान्यातला देतो. मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू झालं ते टाळता येण्यासारखं अंधत्व नाहीसं करायला. यात 'उत्कृष्ट' नाही, 'अग्रगण्य' नाही. पण पुढे मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत बसवायची लेन्स परदेशातून आणणं गरिबाला परवडेना, तेव्हा त्यांनी १९९२ मध्ये लेन्स बनवायचाच कारखाना काढला. नुसतं 'उत्तम रुग्णालय' व्हायचं असतं तर हा निर्णय कुणाच्या डोक्यात आला नसता.

तुमच्या तिघांच्या बोलण्यातून मला दिसतं ते असं काहीसं, शब्द त्यांचेच येऊ द्या: 'मार्च २०३१ पर्यंत आमच्या गेटमधून जाणाऱ्या मालातला निम्म्याहून जास्त मशीन केलेला, ग्राहकाने सरळ जोडणीला घ्यावा असा असेल; आणि एकाही ग्राहकाचा वाटा ३५ टक्क्यांच्या वर नसेल.' याखाली 'करणार नाही' ची तीन-चार ओळींची यादी: ठरलेल्या भावाखाली रफ माल नाही, पुट्टी भरून माल नाही, शेजाऱ्याचा ग्राहक भाव पाडून नाही. निम्मा आणि ३५ हे आकडे मी ए-थ्री कागद न बघता टाकलेत, ते तुम्ही काढा.

मग दुसऱ्या दिवशी दुपारी हे वाक्य तीन खऱ्या ऑर्डरींवर घासा. एक, ट्रॅक्टर कंपनी म्हणते ८० टन रफ आणखी घ्या, किलोला ३ रुपये कमी. दोन, पंपवाला १५ टन मागतोय, छोटे लॉट, मशीनिंग आणि प्रेशर टेस्ट करून, भाव १६५. तीन, जुनी मोल्डिंग लाइन स्वस्तात मिळतेय, निर्णय आठ दिवसांत. सहाजणांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर हो किंवा नाही आणि एक ओळीचं कारण लिहायचं. तिन्हींवर सहाही उत्तरं जुळली पाहिजेत असं नाही, पण कारणं वाक्यातून आलेली दिसली पाहिजेत. पहिल्या ऑर्डरवर चारजणांनी 'हो, कारण भट्टी रिकामी आहे' लिहिलं तर थांबा, वाक्यावर अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही. ८० टन म्हणजे महिन्याला ६८ लाखांचं बिल, ते नाकारायचं तर मधल्या वर्षाचा पैसा कुठून येणार याचं उत्तर त्याच टेबलावर हवं. बऱ्याचदा मधला रस्ता निघतो: ४० टन घ्या, एका वर्षासाठी, आणि त्यातला एक पार्ट मशीन करून द्यायची अट घाला.

ठरल्यावर तीन महिन्यांनी एकदा, दोन तास. तेवढ्यात दोनच गोष्टी बघायच्या: मशीन केलेल्या मालाचा आणि मोठ्या ग्राहकाचा वाटा किती झाला, आणि गेल्या तिमाहीत कशाला 'नाही' म्हटलं. दुसरा रकाना दोनदा रिकामा आला तर यादी भिंतीवरच राहिली असं समजा.

थोरल्यांचं. त्यांना खुर्चीत बसवून बोलतं करायला जाऊ नका. बैठकीच्या दिवशी सकाळी पहिली हीट (भट्टीतला धातूचा पहिला घाणा) उतरताना तिघांना घेऊन भट्टीपाशी उभे राहा, तो ११ टक्क्यांचा पार्ट फोडून ठेवा आणि थोरल्यांना विचारा की ब्लो-होल कुठून येतो. ते रायझर (धातू आटताना भर घालणारा साठा) दाखवतील, व्हेंटवर (वायू निघून जायच्या वाटेवर) बोट ठेवतील, कोअर ओला होता म्हणतील. अर्धा तास तेच बोलतील आणि मुलगा ऐकेल. तिथून सरळ हॉलवर. 'काय बदलायचं नाही' ही यादी पहिली घ्या आणि ती लिहायला खडू थोरल्यांच्या हातात द्या.

जमाखर्च

आणि मोठ्या ग्राहकाचा वाटा मोजताना टनांवर नको, भट्टीतासामागच्या उरलेल्या पैशांवर मोजा. टनांत ६२ दिसतो, पैशांत कदाचित ५० सुद्धा नसेल. तो आकडा बैठकीच्या आधी काढून ठेवा.

कोरसँड

काढला. ४७.